परदेशी जाऊन पीएफ अडकवून ठेवण्याचे खात्रीशीर उपाय

व्हिसा लागला, नोटिस पिरियड संपला, आईनं सांडगी मिरची आणि संत्राबर्फी बॅगेत कोंबली. अशा मंगल प्रसंगी कोणी तरी काका विचारतातच, "पीएफचं काय केलं बाप्पा?" त्यांना सांगायचं, "काका, आता सगळं ऑनलाइन आहे." हे वाक्य उच्चारल्याशिवाय नागपूर विमानतळावरून उडूच नये. पुढची दोन-तीन वर्षं ते वारंवार आठवणार आहे.

आपले पैसे आपल्याच हाती लागू नयेत अशी ज्यांची मनापासून इच्छा असेल, त्यांनी पुढचे उपाय जसेच्या तसे करावेत. गुण येतोच.

सर्वांत आधी भारतातलं सिम मरू द्या. तिकडचं नवं सिम घेतलंच आहे, मग हे जुनं प्रीपेड कशाला पोसायचं? ९० दिवस वापर झाला नाही आणि बॅलन्स २० रुपयांच्या खाली असला, की नंबर बंद करायला कंपनी मोकळी. २० रुपये पडून असले तर ते कापून आणखी ३० दिवस नंबर जिवंत ठेवतात, म्हणून जाताना १९ रुपयेच ठेवा. काही महिन्यांनी तो नंबर कामठीच्या कुणा भाऊकडे जाईल. त्या भाऊला तुमच्या युएएनचे, म्हणजे कायमच्या पीएफ क्रमांकाचे, बारा आकडे कधी कळायचे नाहीत. पण तुमचा प्रत्येक ओटीपी त्याच्याकडे इमानेइतबारे पोहोचेल. आधारला परदेशी नंबर चालत नाही, आणि पीएफच्या पोर्टलवरचं प्रत्येक महत्त्वाचं काम आधारच्या ओटीपीशिवाय हलत नाही. तेव्हा पैसे तुमचे, युएएन तुमचा अन् किल्ली कामठीत, अशी ही त्रिस्थळी यात्रा एकदा लागली की लागली.

ज्यांना एवढं टोक गाठवत नाही त्यांनी मधला मार्ग धरावा. सिम जुन्या हँडसेटमध्ये घालून नागपूरच्या महाल भागातल्या घरी बाबांकडे ठेवायचं. हँडसेट देवघराच्या कोनाड्यात, चार्जिंगला. तुम्ही जर्मनीत सकाळी साडेसातला लॉगिन करता, तेव्हा इकडे उन्हाळ्यात अकरा आणि हिवाळ्यात बारा वाजलेले असतात. बाबा हातात पिशवी घेऊन भाजीला निघालेले. "बाबा, मेसेज आला का?" "थांब, चष्मा घेतो." चष्मा मिळतो तोवर हँडसेट लॉक. लॉक उघडतो, तर वर रिचार्जच्या ऑफरचा मेसेज, त्यातलेही सहा आकडे वाचून होतात. खरा ओटीपी सापडतो. "चार, सात, शून्य..." "शून्य की नऊ?" "शून्य म्हटलं ना, काहून ओरडून राहिला?" तोवर पोर्टलचं सेशन संपलेलं असतं. पुन्हा युएएन, पुन्हा पासवर्ड, पुन्हा कॅपचा. त्या कॅपचातलं अक्षर मोठं आहे की लहान, हे कॅपचा बनवणाऱ्यालाही सांगता यायचं नाही. ओटीपी कोणालाही सांगू नका, असं त्याच मेसेजात लिहिलेलं असतं. आपण तो स्पीकरवर, अख्ख्या वाड्याला ऐकू जाईल असा, आधी बाबांकडून वदवून घेतो आणि मग खात्री म्हणून त्यांना परत म्हणून दाखवतो. हे टोरांटोहून करायचं तर आणखी बहार: साडेनऊ-साडेदहा तासांचा फरक, म्हणजे बाबा तरी झोपलेले किंवा तुम्ही तरी.

पासवर्ड डायरीत लिहा आणि डायरी नागपुरातच राहू द्या.

पुढचा उपाय तर न सांगताच लोक करतात. कंपनी सोडताना पोर्टलवर आपली डेट ऑफ एक्झिट भरली गेली का, हे अजिबात बघू नका. एचआरच्या ताईंनी केक कापला, सगळ्यांनी सही केलेलं कार्ड दिलं, "टच में रहना" म्हटलं. आता त्यांना तारखेचं विचारणं वाईट दिसतं. तारीख नसली की पोर्टलच्या हिशेबी तुम्ही अजून हिंगण्याच्या एमआयडीसीत डबा घेऊन जाताच. मग पैसे कसे काढता? नोकरीत आहात ना!

याला एक उतारा आहे, पण तो कोणाला सांगू नका. शेवटची वर्गणी जमा होऊन दोन महिने झाले, की सभासदाला स्वतःच तारीख टाकता येते. 'मॅनेज'मध्ये जायचं, 'मार्क एक्झिट' उघडायचं, कंपनी निवडायची, तारीख आणि कारण भरायचं, आधारचा ओटीपी द्यायचा. तारीख ज्या महिन्याची शेवटची वर्गणी आहे त्याच महिन्यातली हवी. आठवणीतली पार्टीची तारीख टाकाल, ती पुढच्या नोकरीच्या रुजू तारखेवर चढेल, आणि दोन नोकऱ्या एकाच वेळी केल्याचा ठपका घेऊन बसाल. म्हणजे पुन्हा दुरुस्ती. जानेवारी २०२५ पासून नाव, जन्मतारीख, रुजू आणि सोडल्याची तारीख वगैरे दुरुस्त्या सभासदाला कंपनीच्या होकाराशिवाय करता येतात. मात्र युएएन १ ऑक्टोबर २०१७ नंतरचा आणि आधारनं पडताळलेला पाहिजे. त्याआधीचा असेल तर कंपनीचा दरवाजा ठोठवा. कंपनीला केव्हाच कुलूप लागलं असेल, तर राजपत्रित अधिकाऱ्याच्या वगैरे सहीचा कागद आणा. रॉटरडॅममध्ये बसून नागपुरातला राजपत्रित अधिकारी गाठणं हा एक छान छंद आहे.

आता नावाचं. आपल्याकडे वडिलांच्या नावाला 'राव' लावायची रीत आहे. ती सोडू नका. आधारवर वसंत, पीएफला वसंतराव, पासपोर्टवर इंग्रजीतून वसंतराव पण मधे जागा सोडून. आडनावात एक 'ए' इकडे जास्त, तिकडे कमी. लग्न झालेल्या बाईनं तर पीएफला माहेरचं, आधारला सासरचं आणि पॅनला दोन्ही ठेवावं. अशा कुटुंबाचा अर्ज एका फेरीत कधीच सुटत नाही.

आणि फेऱ्या म्हणजे काय, हे आता सांगतोच. गेल्या आठवड्यात तिसऱ्यांदा परत आलेला एक अर्ज या लेखाच्या मुळाशी आहे. त्याची कहाणी सांगत नाही. तुमच्याकडेही तसलीच एक असेल. अर्ज भरला. बरेच दिवस 'अंडर प्रोसेस'. मग नामंजूर, कारण वडिलांचं नाव जुळत नाही. ठीक, जुळवलं. पुन्हा भरला. पुन्हा वाट. नामंजूर, कारण आधीच्या कंपनीची सोडल्याची तारीख नाही. ती टाकली. पुन्हा भरला. नामंजूर, कारण पेन्शनची वर्गणी चुकीची कापलेली आहे. अहो, ही तिन्ही कारणं पहिल्या दिवशी त्याच स्क्रीनवर नव्हती का? समजा, व्हरायटी चौकात हेल्मेटसाठी थांबवलं, पावती फाडली, सोडलं. झाशी राणी चौकात त्याच माणसाला पीयूसीसाठी थांबवलं. शंकरनगर चौकात इन्शुरन्ससाठी. तिथं निदान एका दुपारी तिन्ही चौक आटोपतात. इथं एकेका चौकाला महिना. आणि ज्यानं अर्ज परत पाठवला, त्याच्या लेखी एक अर्ज 'निकाली' निघाला. तीनदा नामंजूर म्हणजे तीन अर्ज निकाली. कामाचा उरक बघा!

त्या पेन्शनच्या वर्गणीचं कोडं सोडवायला जाऊ नका, मजा जाईल. तरी सांगून ठेवतो. कंपनीच्या बारा टक्क्यांतले ८.३३ टक्के पेन्शन योजनेत जातात, तेही १५,००० रुपये पगार धरून, म्हणजे महिना जास्तीत जास्त १,२५० रुपये. १ सप्टेंबर २०१४ नंतर जो पहिल्यांदाच पीएफमध्ये आला आणि ज्याचं बेसिक-डीए तेव्हाच १५,००० च्या वर होतं, तो या पेन्शन योजनेत बसतच नाही. तरी कितीतरी कंपन्यांनी सगळ्यांचेच सरसकट १,२५० तिकडे ढकलले. चूक कंपनीची, डोळेझाक कोणाची माहीत नाही, आणि अर्ज अडकतो तो तुमचा. पासबुकात तिसरा रकाना पेन्शनचा असतो. तो आजवर किती जणांनी उघडून बघितला असेल, देव जाणे.

बँक खातं मात्र जुनंच असू द्या. २०१९-२० मध्ये देना बँक बडोदा बँकेत गेली, ओरिएंटल पंजाब नॅशनलमध्ये, सिंडिकेट कॅनरामध्ये, अलाहाबाद इंडियन बँकेत. आयएफएससी कोड बदलले, शाखांच्या पाट्या बदलल्या. पोर्टलवर तुमचा कोड अजून जुनाच. राहू द्या. शिवाय परदेशी गेल्यावर साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं, करावं लागतं, हा फेमा या परकीय चलनाच्या कायद्याचा नियमही विसरा. पैसे कुठं जमा करायचे हेच नक्की नसलं, तर ते येणार तरी कुठून?

आता जे भारतातल्या कंपनीच्या पगारावर राहूनच बाहेर पाठवले जातात त्यांच्यासाठी. बेल्जियम, जर्मनी, नेदरलँड्स, फ्रान्स, जपान, कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशा बऱ्याच देशांशी भारताचा सामाजिक सुरक्षा करार आहे. इथून सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज, म्हणजे इथली पीएफची वर्गणी चालू असल्याचा दाखला, घेऊन गेलं, की तिकडची वर्गणी ठरावीक काळ माफ. जर्मनीला ४८ महिने, वाढवून ६०. अर्ज ऑनलाइन होतो, पण कंपनीची सही मधे लागते, म्हणून निघायच्या दोन दिवस आधी आठवण करून द्यायची, म्हणजे ते वेळेत येणारच नाही. मग इकडे तुमचे १२ टक्के आणि तिकडे जर्मन पेन्शनचे तुमच्या वाट्याचे ९.३ टक्के, दोन्ही कापले जातील. दोन देशांच्या म्हातारपणाची काळजी एकदमच मिटली.

आखातात जाणाऱ्यांना ही चिंता नाही, तिकडे करारच नाही. अमिरातीत पहिल्या पाच वर्षांना वर्षाला २१ दिवसांच्या बेसिकएवढी ग्रॅच्युइटी, पुढे ३० दिवसांची. 'इथला पीएफ मी तिकडून भरत राहीन' असं म्हणणारे महाभाग आहेत. कंपनी नाही तर वर्गणी नाही, हे त्यांना कोणी तरी सांगा. भरायचंच असेल तर एनपीएस ही राष्ट्रीय पेन्शन योजना आहे.

सहा-सात वर्षं नोकरी झाली असेल तर पेन्शनचे पैसे १०सी फॉर्म भरून घाईनं काढून टाका, नवा फोन येईल. दहा वर्षं भरली की पेन्शनचा हक्क लागतो, करारवाल्या देशातली वर्षं त्या हिशेबात धरता येतात, आणि पैसे न काढता स्कीम सर्टिफिकेट घेऊन सेवा जपता येते, असल्या रटाळ गोष्टी वाचत बसू नका.

व्याजाचंही तसंच. नोकरी सुटली तरी खात्यावर व्याज चढत राहतं, पण सुटल्यानंतरचं व्याज करपात्र असतं. आणि कायमचे परदेशी स्थायिक झालात, तर ३६ महिन्यांत पैसे न काढल्यास खातं 'इनऑपरेटिव्ह', म्हणजे व्याज बंद. नोकरीला पाच वर्षं व्हायच्या आत काढलं तर टीडीएस. तो चुकवायला 'माझ्यावर कर बसत नाही' असा १५जीसारखा फॉर्म जोडाल, तर तो निवासी भारतीयांसाठी आहे. अनिवासी माणसानं भरला की तो चुकीचा जबाब झाला.

नॉमिनेशन करायला बसलात तर फोटोची अट लक्षात ठेवा: चेहरा ऐंशी टक्के आणि दोन्ही कान दिसले पाहिजेत. केसांआड गेलेल्या कानापायी कित्येक नॉमिनेशनं थांबली आहेत.

बास झालं. आता सरळ बोलतो.

एचआरवाल्यांनो, सोडून जाणाऱ्याची तारीख भरायला दोन मिनिटं लागतात. केक कापायला त्याहून जास्त वेळ घालवता. तुमच्या दोन मिनिटांपायी एक माणूस अख्खं वर्ष हेलपाटे घालतो, आणि त्याच्या मेलला उत्तर देताना 'वुई हॅव फॉरवर्डेड युअर कन्सर्न' लिहिता, याची लाज वाटू द्या.

अर्ज तपासणाऱ्यांनो, चुका पाच असतील तर पाचही एकाच वेळी लिहा. एवढीच मागणी आहे. नवं सॉफ्टवेअर नको, नवं अ‍ॅप नको.

आणि राजेहो, तुम्ही! लोकांना शिव्या घालण्याआधी स्वतःकडे बघा. व्हिसासाठी दहा वर्षांचे कागद फायलीत लावता, पण स्वतःचं पीएफ पासबुक नोकरीत असताना एकदा तरी उघडलं? अजून नागपुरात असाल तर आजच बसा. आधारवरचं नाव, पीएफवरचं नाव, पॅनवरचं नाव अक्षर न् अक्षर ताडून बघा. दोन युएएन असतील तर एक करा. जुन्या कंपन्यांचे पैसे आत्ताच्या खात्यात वळते करा. त्यातली एखादी स्वतःचा पीएफ ट्रस्ट चालवत असेल तर तिच्याकडून अ‍ॅनेक्श्चर के, म्हणजे वळत्या केलेल्या पैशांचा हिशेब, मागून घ्या, कारण ट्रस्टवाल्यांचं पासबुक पोर्टलवर दिसतच नाही. पेन्शनचा रकाना वाचा. आयएफएससी बघा. नॉमिनेशनवर ई-साइन झालंय का ते बघा, नुसतं 'सेव्ह' केल्यानं काही होत नाही. आणि लग्नाआधी आई-वडिलांचं केलेलं नॉमिनेशन लग्नानंतर रद्द होतं, तेही नव्यानं करा. पासबुकाची पीडीएफ मेलमध्ये ठेवा. शिल्लक बघायची असेल तर नोंदवलेल्या नंबरावरून एसएमएस करता येतो, मेसेजच्या शेवटी 'एमएआर' टाकलं तर उत्तर मराठीत येतं.

आणि ते सिम. त्याच्यावर आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करून घ्या, व्हॅलिडिटीचा रिचार्ज कॅलेंडरवर लावा, आणि स्वतःच्या फोनच्या दुसऱ्या स्लॉटमध्ये घालून सोबत न्या. देवघराच्या कोनाड्यात ठेवू नका. बाबांच्या चष्म्याचा नंबर तसाही वाढला आहे.