एकाधिकार खरेदी विसरून कसं चालेल?

शेतमालाचा भाव सरकारनेच ठरवावा, मुक्त बाजारात फक्त व्यापारी गब्बर होतो, असं एका लेखात म्हटलंय. आम्हा खान्देशातल्या कापूसवाल्यांना हे पटणार नाही. 1972 पासून राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी होती. सरकार सोडून कुणाला विकायचा नाही! चुकारे, म्हणजे विकलेल्या कापसाचे पैसे, रखडायचे. राज्याच्या सीमेपलीकडे भाव चढला की शिरपूरकडचा कापूस रातोरात मध्य प्रदेशातल्या सेंधव्याला, नंदुरबारचा गुजरातेत. स्वतः पिकवलेला माल नेणारा शेतकरी कायद्याने गुन्हेगार ठरायचा. शेतकरी संघटनेचे शरद जोशी उगाच रस्त्यावर उतरले नव्हते.

अर्थशास्त्रज्ञ हायेक यांनी 1945 मध्ये हेच मांडलं: लाखो माणसांकडे विखुरलेली माहिती कुठल्याही मंत्रालयात गोळा होत नाही, ती भावातूनच एकमेकांपर्यंत पोचते. डिसेंबर 2023 मध्ये कांद्यावर निर्यातबंदी आली आणि शेतकऱ्यापर्यंत येणारा भावाचा तो निरोपच तुटला.

केळीचं दुखणं वेगळं, हे मान्य. घड कापणीला आला की थांबता येत नाही, म्हणून जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलकडे जाहीर भावापेक्षा कमी पैसे हातात पडतात. पण तिथे कमतरता आहे ती खरेदीदारांची आणि शीतगृहांची. आणखी दहा जण खरेदीला उतरू द्या, परवान्यांची अडवणूक काढा. सरकारने करार पाळले जातात की नाही एवढं चोख बघावं, तेवढंही आज होत नाही.