‘दोन वर्षं जुनी पानं उडवा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या मंगळवारी भोसरीहून मामाचा फोन आला. "अगं, सांगलीकडच्या साखर कारखान्यातून फोन होता. पंपाच्या प्लेटवरचा कोड स्कॅन केला की पान सापडत नाही म्हणतात. जरा बघ." बघितलं, तर साइटवरची ३८ पानं गायब. हॅक झाली असं वाटून माझ्या पोटात गोळा आला. मग मामाच म्हणाला, "ती मी काढलीत. गूगलवर वर यायचं तर जुनं काढावं लागतं ना?"

मामाचा एमआयडीसीत पंपांचा छोटा कारखाना आहे. त्याच्यासारख्या सात-आठ कंपन्यांच्या साइटचा मजकूर मी सांभाळते. त्याने ज्याच्यावर विश्वास ठेवला तो मेसेज उद्योजकांच्या ग्रुपांवर फिरतोय. त्याच संध्याकाळी चाकणच्या एका गिऱ्हाइकानेही तो मला पाठवला, "आपणही करूया का?" असं विचारत. मेसेज सांगतो: गूगलवर वर यायचं तर साइटवर रोज काहीतरी बदला, निदान तारीख तरी, दोन वर्षांहून जुनी पानं उडवा, मेटा कीवर्डमध्ये (पानाच्या कोडमध्ये लपलेली, वाचणाऱ्याला न दिसणारी शब्दांची यादी) शंभर शब्द भरा, एआयकडून रोज एक लेख लिहून घ्या, आणि साइट नीट चालत असेल तर वर्डप्रेस (साइट ज्यावर चालते ते सॉफ्टवेअर) आणि प्लगइन (त्याला जोडलेले छोटे प्रोग्राम) यांच्या अपडेटला हात लावू नका.

सगळ्यात आधी पानं उडवण्याबद्दल, कारण नुकसान तिथे झालंय.

गूगलने साइटवाल्यांसाठी मार्गदर्शन लिहून ठेवलंय. त्यात मजकूर लिहिणाऱ्याने स्वतःला विचारायचे प्रश्न आहेत. त्यातला एक असा: साइट ‘ताजी’ दिसून क्रमांक वर जाईल या समजुतीने तुम्ही भरपूर नवा मजकूर घालताय किंवा भरपूर जुना काढून टाकताय का? पुढे कंसात उत्तरही दिलंय की नाही, तसं होणार नाही. ज्या गूगलच्या नावाने हा मेसेज फिरतोय, त्या गूगलनेच इतकं स्पष्ट लिहिलंय. २०२३ च्या ऑगस्टमध्ये सीनेट या मोठ्या अमेरिकी साइटने हजारो जुने लेख काढल्याची बातमी आली होती. त्याच सुमारास गूगलच्या अधिकृत खात्यावरून पुन्हा सांगितलं गेलं की आम्हाला जुना मजकूर आवडत नाही, असं काही नसतं.

पण गूगल क्षणभर बाजूला ठेवू. मामाच्या पंपांवर २०१७ पासून धातूची प्लेट रिव्हेट केलेली असते आणि तिच्यावर क्यूआर कोड कोरलेला असतो. तो कोड त्या मॉडेलच्या पानावर जातो: सीलचा साइज, बेअरिंगचा नंबर, खोलायचा क्रम, ड्रॉइंगची पीडीएफ. ऐन गाळपात रात्रपाळीला पंप बसला की मेंटेनन्सचा माणूस मोबाइल काढून तोच कोड स्कॅन करतो. पंप पंधरा-पंधरा वर्षं चालतो आणि त्याचं पान म्हणे दोन वर्षांत जुनं झालं! कागद जुना झाला म्हणून मामा कपाटातली ड्रॉइंगं भंगारात देईल का? उलट जुन्या मॉडेलचं पान शोधत येणारा माणूस म्हणजे हमखास सुट्या भागांची ऑर्डर. तो गेला की दुसऱ्या कुणाकडून जोडकाम करून घेतो, आणि पुढचा पंपही तिकडूनच घेतो.

मॉडेल बंद झालं असेल तर पानाच्या डोक्यावर दोन ओळी लिहा: हे मॉडेल आता बनत नाही, सुटे भाग मिळतात, नवं मॉडेल इथे बघा. माहिती चुकीची झाली असेल तर दुरुस्त करा. पत्ता खरोखरच बदलायची वेळ आली, तर जुन्या लिंकवरून नव्या पानावर ३०१ रीडायरेक्ट लावा, म्हणजे जुनी लिंक उघडणारा आपोआप नव्या पानावर जातो. गूगल म्हणतं तो निदान एक वर्ष ठेवा. प्लेटवर कोरलेल्या लिंकचा मी कायमचा ठेवते. आणि ज्या पानाचा कुणालाच उपयोग नाही, उदाहरणार्थ सहा वर्षांपूर्वीच्या प्रदर्शनातल्या स्टॉलचं निमंत्रण, ते खुशाल काढा. पण पान वाचून काढा, तारीख बघून नको.

तारखेचंही तसंच. मजकूर तोच ठेवून नुसती तारीख पुढे ढकलताय का, हा प्रश्नही गूगलच्या त्याच यादीत आहे. साइटमॅपमध्ये, म्हणजे गूगलसाठी ठेवलेल्या पानांच्या यादीत, पान कधी बदललं याची नोंद असते आणि ती सातत्याने खरी असेल तरच गूगल ती वापरतं. रोज खोटी तारीख टाकली, तर खरा बदल झाल्याच्या दिवशीही त्या नोंदीला किंमत राहत नाही.

यात अर्धं सत्य आहे, तेवढं मान्य करते. काही शोधांना ताजेपणा लागतो आणि गूगल त्यासाठी वेगळी व्यवस्था वापरतं. आजचा सोन्याचा भाव, अर्थसंकल्प, कालचा भूकंप अशा शोधांना कालपरवाचं पान चालत नाही. तुमचा धंदा रोजच्या बातमीचा असेल तर जरूर रोज लिहा. पण मेकॅनिकल सीलचा साइज शोधणाऱ्याला आजची तारीख नको असते, बरोबर आकडा हवा असतो.

मेटा कीवर्डचं एका वाक्यात: क्रमांक ठरवताना ते आम्ही बघत नाही, हे गूगलने सप्टेंबर २००९ मध्येच जाहीर केलंय. एआयच्या रोजच्या लेखांचंही लांबवत नाही. केवळ क्रमांकासाठी ढिगाने मजकूर पाडणं मार्च २०२४ पासून गूगलच्या स्पॅम धोरणात येतं, मग तो यंत्राने पाडलेला असो की माणसाने. आणि पंपाच्या साइटवर ‘जीवनात पाण्याचे महत्त्व’ कोण वाचणार?

अपडेट न करण्याचा सल्ला मात्र धोक्याचा आहे. २०१७ च्या सुरुवातीला वर्डप्रेसच्या ४.७ आणि ४.७.१ या आवृत्त्यांत एक भोक सापडलं. लॉगिन न करता बाहेरचा माणूस तुमच्या पानातला मजकूर बदलू शकत होता. २६ जानेवारीला ४.७.२ मध्ये ते बुजवलं. ज्यांनी अपडेट केलं नाही, त्यांची लाखो पानं पुढच्या काही आठवड्यांत विद्रूप झाली. अपडेटने कधीकधी साइट मोडते हेही खरं, माझीही मोडलीय. म्हणून आधी बॅकअप घ्यायचा, मग अपडेट करायचं.

मला खरा राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. मामाने तीन आठवडे रोज तारखा बदलल्या, पण मुखपृष्ठावर संपर्कासाठी नाव होतं ते नोकरी सोडून तीन वर्षं झालेल्या माणसाचं, आणि लँडलाइन होती ती केव्हाच बंद झालेली. त्याची कंपनी प्रायव्हेट लिमिटेड आहे. २०१४ च्या कंपनी स्थापना नियमांतला नियम २६ सांगतो की कंपनीची वेबसाइट असेल तर मुखपृष्ठावर कंपनीचं नाव, नोंदणीकृत पत्ता, सीआयएन (कंपनीचा सरकारी ओळख क्रमांक), फोन, ईमेल आणि चौकशी-तक्रारीसाठी माणसाचं नाव हवं. ही नोंद मीही वेळेवर तपासायला हवी होती. आता दर तिमाहीला आम्ही दोघं फोनवर बसून एवढ्या गोष्टी वाचून घेणार आहोत, आणि साइटवरच्या नंबरवर खरोखर फोन लावून बघणार आहोत.

ज्यांनी हा मेसेज वाचून पानं उडवलीत, त्यांनी आजच वर्डप्रेसचा ट्रॅश उघडा. काढलेलं पान तिथे ३० दिवस राहतं, मग कायमचं जातं. परत आणलेलं पान ड्राफ्ट म्हणून येतं, ते पुन्हा प्रकाशित करावं लागतं. मामाने पानं काढून १९ दिवस झाले होते, म्हणून ३८ च्या ३८ परत आली. पण मीडियातून काढलेल्या फायली ट्रॅशमध्ये जातच नाहीत, थेट पुसल्या जातात. जागा वाचवायला म्हणून मामाने ड्रॉइंगच्या १४ पीडीएफ तिथून काढल्या होत्या. नऊ त्याच्या जुन्या कॉम्प्युटरवर सापडल्या, दोन इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर, जिथे साइटच्या जुन्या प्रती साठवलेल्या असतात. उरलेल्या तीन पंपांची मापं आता कारखान्यातला जुना फिटर पंप खोलून पुन्हा घेतोय. साखर कारखान्यातला पंप त्या तीनपैकीच एक आहे.