मामाची बंदूक कॉम्प्युटरात आहे, कट्ट्याचं काय?

काल परत तीच बातमी, दोन गावठी कट्टे आणि जिवंत काडतुसं पकडली, आर्म्स ॲक्ट 3/25 प्रमाणे गुन्हा. आमच्या जळगाव जिल्ह्यात ही बातमी हवामानाच्या अंदाजासारखी झालीय, छापून येते नि कोणी वाचत नाही.

माझ्या मामाकडे बारा बोअरची बंदूक आहे, आजोबांच्या वेळची, मक्यात रानडुकरं घुसायची म्हणून घेतलेली. 2024 मध्ये लोकसभा आणि विधानसभा अशा दोन आचारसंहिता लागल्या आणि दोन्ही वेळा मामा ती जुन्या चादरीत गुंडाळून माझ्या गाडीवर मागे बसून ठाण्यात जमा करायला आला. दुसऱ्यांदा परत घ्यायला गेलो तर पावतीवरचा नंबर नि बंदुकीवरचा नंबर जुळेना, का तर कोणीतरी 3 चा 8 केलेला. मग साहेब मोबाईलच्या टॉर्चमध्ये नंबर शोधतायत, मामा घामाघूम, मी बाहेर चहा सांगतोय, दोन तास गेले.

हा मामा देशाच्या डेटाबेसमध्ये आहे बरं का. एनडाल म्हणतात त्याला, म्हणजे हत्यारांच्या परवान्यांची देशभरची नोंद. प्रत्येक परवानाधारकाला एक युआयएन नंबर, बंदूकवाल्यांचं आधारच समजा, तो नसेल तर परवाना रद्दी. 2019 च्या दुरुस्तीत एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं केली, लग्नात हवेत बार काढणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत शिक्षा ठेवली. उत्तम केलं, रजिस्टर पाहिजेच, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण त्यात नाव कोणाचं चढतं? जो स्वतःच्या पायाने ठाण्यात येतो त्याचं.

कट्टा कुठून येतो हे आमच्या चोपडा तालुक्यात शेंबड्या पोरालाही विचारा. उमर्टी. एक उमर्टी आपल्याकडे, मधे अनेर नदी आणि पलीकडे मध्यप्रदेशातली पार उमर्टी. फेब्रुवारी 2025 मध्ये तिथे कारवाईला गेलेल्या आपल्या एका पोलिसालाच उचलून नेलं होतं, काही तासांनी सुटका झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात पुणे पोलीस एवढ्या लांबून तिथे गेले नि कट्टे बनवायच्या भट्ट्या फोडून आले. पुण्याचे पोलीस! कारण कट्टे पुण्यात सापडत होते. (आणि कट्टे बनवण्यात नाव येतं म्हणून सगळ्या शिकलगार समाजाला यात ओढू नका, पिढ्यानपिढ्या लोखंडाचं काम हातात असलेल्या पोरांना दुसरं काम कोणी दिलं का हेपण विचारा.)

बॉर्डर म्हटलं की आपल्याला पंजाब आठवतो, ड्रोनने पिस्तुलं टाकतात आणि बीएसएफवाले शोधतात. तिथे निदान तारेचं कुंपण आहे. आमच्या बॉर्डरवर उन्हाळ्यात चप्पल हातात घेऊन पलीकडे जाता येतं, आणि नाकाबंदी लागते ती निवडणुकीपुरती, तीपण मेन रोडवर. दोन राज्यांची पोलिसं वर्षभर एकत्र बसून काम करतील अशी कायमची चौकी पाहिजे, नुसत्या धाडीने काय होतं, भट्टी म्हणजे चार विटा नि एक भाता, आठ दिवसांत परत पेटते.

अजून एक गोष्ट कोणी बोलतच नाही, ती म्हणजे काडतूस. कट्टा भट्टीत होतो पण काडतूस होत नाही हो, त्याला कारखानाच लागतो. म्हणजे पकडलेलं बरंचसं काडतूस कधीतरी कुठल्यातरी हिशोबाच्या वहीतून बाहेर पडलंय, कोणत्यातरी परवान्यावर, कोणत्यातरी दुकानातून. मामाला वर्षाला किती काडतुसं घेता येतील ते परवान्यावरच लिहिलंय. मग तोच हिशोब दुकानापासून कारखान्यापर्यंत उलटा लावत जा ना, पकडलेल्या प्रत्येक काडतुसामागे. रजिस्टरचा खरा उपयोग तिथे आहे, म्हाताऱ्याच्या बंदुकीचा नंबर तिसऱ्यांदा तपासण्यात नाही.

असो. पुढच्या आचारसंहितेला परत जायचंय ठाण्यात. मामीने चादर धुवून ठेवलीय.