१४ ही मर्यादा आहे, सक्ती नाही

गोल्फ शिकणाऱ्या नवख्याने सुरुवातीलाच क्लबचा, म्हणजे चेंडू मारायच्या काठ्यांचा, पूर्ण सेट घ्यावा, हे तुमच्या लेखातलं म्हणणं काही पटलं नाही. नियमात १४ क्लब ही कमाल मर्यादा आहे. सात असले तरी खुशाल खेळा. मी साताऱ्याचा. खेळायला पुणं गाठावं लागतं, तेही महिन्यातून एकदा. हौसेने ९ अंशांचा ड्रायव्हर (लांब फटक्याचा क्लब; अंश म्हणजे त्याच्या तोंडाचा तिरकेपणा) घेतला आणि वर्षभर चेंडू उजवीकडच्या झाडीत शोधत हिंडलो! आता १२ अंशांचा सेकंडहँड वापरतो. चेंडू लांब जात नाही फार, पण सापडतो तरी. पिशवीत तो, एक हायब्रिड, मधल्या अंतरासाठी ७ आणि ९ नंबरचं आयर्न, जवळून चेंडू उचलायला दोन वेज आणि भोकाजवळ चेंडू हलकेच ढकलायला पटर, बस्स.

पटरबद्दल लेखात एकच ओळ आहे. अहो, ७२ पारच्या, म्हणजे ७२ फटक्यांत संपवायच्या १८ भोकांच्या मैदानात प्रत्येक ग्रीनवर (भोकाभोवतीच्या बारीक गवतावर) पटरचे दोन फटके धरले तर ३६ फटके तिथेच जातात. घरी सतरंजीवर स्टीलचा पेला आडवा ठेवून रोज दहा मिनिटं सराव करतो. टण्ण आवाज आला की आतून बायको ओरडते, ते वेगळं.

आणि पावसाळ्यात क्लबच्या ग्रिपना, म्हणजे मुठींना, बुरशी धरते. कोमट पाणी, भांड्यांचा साबण, जुना टूथब्रश. सावलीतच वाळवा.