रानडुक्कर, बंदूक आणि भरपाई

मुळशी, भोरकडे रानडुकरांनी भुईमूग उकरला की पुण्यात ठरलेला वाद पेटतो. शेतकरी म्हणतो, मारायची मोकळीक द्या. शहरातले प्राणिप्रेमी म्हणतात, आधी जंगल कुणी खाल्लं ते सांगा. मग कुणीतरी हमखास दाखला देतो: युरोपात शेतकरी आपल्या रानात बिनधास्त गोळी घालतो.

निदान जर्मनीत तरी तसं नाही. तिथे जमीन स्वतःची असली तरी शिकारीचा हक्क स्वतंत्रपणे वापरायला सलग 75 हेक्टर लागतात, म्हणजे सुमारे 185 एकर. आपल्या कमाल जमीनधारणा कायद्यात कोरडवाहूचीच मर्यादा 54 एकर! जर्मनीत 75 हेक्टरांहून छोट्या जमिनींचे मालक कायद्यानेच गावाच्या शिकार-मंडळाचे सभासद होतात. मंडळाचं क्षेत्र साधारण किमान 150 हेक्टर, आणि शिकारीचा हक्क बहुधा नऊ वर्षांच्या कराराने परीक्षा पास झालेल्या शिकाऱ्याला भाड्याने जातो. सरकारी जंगलातही परवान्याशिवाय बंदूक चालत नाही. शिकार मनाला पटत नसेल तर 2013 पासून आपला तुकडा वगळून मागता येतो. पण त्या तुकड्यावरच्या नुकसानीची भरपाईही मग विसरायची.

खरी मेख भरपाईत आहे. डुकरांनी केलेलं नुकसान मंडळाने भरून द्यायचं, आणि करारात हा बोजा सहसा भाडेकरू शिकाऱ्याच्या गळ्यात घातलेला असतो. शेतकऱ्याने नुकसान कळल्यापासून आठवड्याच्या आत स्थानिक प्रशासनाला कळवायचं. उशीर झाला की दावा गेला. भरपाई आपल्याच खिशातून जाणार, म्हणून शिकारी स्वतःच रात्री जागतो. मका पेरल्यावर डुक्कर ओळीओळीने दाणे उकरतं, पुढे कणसं दुधात आली की आत घुसून आडवी करतं. उभ्या मक्यात ते दिसत नाही, म्हणून पेरतानाच मधे मोकळे पट्टे सोडायला शेतकऱ्याला सांगितलं जातं. आपल्या उसातही हीच अडचण. मचाण हवं ते नुसतं लांबचं दिसावं म्हणून नाही. वरून मारलेली गोळी चुकली तरी जमिनीत रुतते. सपाटीवरून सुटलेली रायफलची गोळी काही किलोमीटर जाऊ शकते. आणि पिल्लं स्वतंत्र होण्याआधी त्यांची आई मारली तर तो फौजदारी गुन्हा. मका जास्त पिकतो त्या भागांत नुकसान इतकं की भाडेकरू मिळणंच अवघड होतं. मिळाला तर भरपाईला वरची मर्यादा घालून घेतो.

आपल्याकडे 1972चा वन्यजीव कायदा दोन वाटा देतो. एक, कलम 11: वनाधिकाऱ्याची कारणांसह लेखी परवानगी. दुसरी, कलम 62: केंद्राने ठरावीक भागापुरतं, मुदतीपुरतं प्राण्याला उपद्रवी जाहीर करणं. 2016 मध्ये उत्तराखंडात रानडुकरांसाठी तसं झालं, तेव्हा पर्यावरणमंत्री पुण्याचेच प्रकाश जावडेकर होते आणि त्याच मंत्रिमंडळातल्या प्राणिप्रेमी मनेका गांधींशी त्यांची जाहीर खडाजंगी झाली. उपद्रवी ठरलं की कुणीही मारावं, जबाबदार कुणीच नाही. परवानगीचं उलट: कागद हातात, पण बंदूक आणि नेम असलेला माणूस गावात नाही. मग तारेत करंट सोडतात, गावठी बॉम्ब ठेवतात, आणि मरतात म्हशी, कुत्री, कधी शेजारीही.

म्हणून सातबारानिहाय परवानगी मला चुकीची वाटते. एका गटातून पळालेला कळप शेजारच्या गटात जातो, इतकंच. परवानगी अख्ख्या गावाच्या शिवाराची हवी, नेमबाज मोजके आणि तपासलेले हवेत. (जुन्नरचा बिबट्या यात ओढू नये, तो याच कायद्याच्या अनुसूची 1 मधला, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेला, त्याचे नियम वेगळे.)

मात्र जर्मन नमुना जसाच्या तसा इथे उतरणार नाही. तिथला शिकारी भाडं भरतो, कारण रीतीने मारलेलं डुक्कर त्याचं होतं. कृमींसाठी स्नायूचा नमुना तपासला की मांस खाताही येतं, विकताही येतं. आपल्याकडे कलम 11खाली मारलेला प्राणी कलम 39 प्रमाणे सरकारी मालमत्ता. पैसे मोजून हा हक्क घ्यायला कोण येणार? नेमबाजाला उलट रात्रीची मजुरी द्यावी लागेल. ती ग्रामपंचायतीने द्यायची की वनखात्याने, हे मचाण बांधण्याआधी ठरायला हवं.