पंच्याण्णव शंभरापेक्षा मोठे होतात तेव्हा

"पुरवठादारांकडून आलेले दर आपल्या कमाल दरापेक्षा जास्त आहेत का, एवढंच बघायचंय. एक्सेलच्या तक्त्यात एक फॉर्म्युला टाकला की झालं!" असं म्हणणाऱ्याने जन्मात कधी फॉर्म्युला टाकलेला नसतो, हे मी छातीठोकपणे सांगतो. टाकला असता तर "एवढंच" हा शब्द त्याच्या तोंडून निघाला नसता.

वरवर बघता मागणी रास्तच आहे. एका रकान्यात पुरवठादाराचा दर, शेजारी आपला कमाल दर. 'इफ' लावायचं: हा त्याच्यापेक्षा मोठा असेल तर "जास्त", नाहीतर "ठीक". शाळकरी पोरालाही जमेल. फॉर्म्युला शेवटच्या ओळीपर्यंत खाली ओढायचा आणि चहाला जायचं.

चहाहून परत आल्यावर दिसतं की ज्याचा दर ९५ आणि कमाल दर १००, त्याच्यापुढे "जास्त" लिहिलेलं आहे.

आधी माणूस चष्मा पुसतो. मग फॉर्म्युला उलटा लिहिला गेला का ते बघतो. तो सुलटाच असतो. बऱ्याच वेळाने लक्षात येतं की बाकीचे आकडे खान्यात उजवीकडे टेकून बसलेत आणि हे ९५ मात्र डावीकडे, कोपऱ्यात एक इवलासा हिरवा त्रिकोण मिरवत. म्हणजे हा आकडा नाहीच, आकड्याच्या वेषातला मजकूर आहे. आणि एक्सेलच्या दरबारात मानाचा क्रम पक्का ठरलेला आहे: सगळ्यात खाली आकडे, त्यांच्या वर मजकूर आणि सगळ्यात वर 'ट्रू' आणि 'फॉल्स'. सत्याला एवढा मान बघून मला भरून आलं होतं. मग कळलं की असत्यही त्याच्या खालोखाल, पण मजकुराच्या वरच बसतं. तर या न्यायाने कुठलाही मजकूर कुठल्याही आकड्यापेक्षा मोठा. एखाद्या भल्या माणसाने दराच्या जागी "मोफत" असं लिहिलं, तर तोही कमाल दर ओलांडल्याबद्दल बाद. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

आणि चोर? चोर कोऱ्या खान्यात असतो. ज्याने दर भरलेलाच नाही, त्याचा खाना तुलनेत शून्य धरला जातो. शून्य हे कमाल दरापेक्षा कमीच, त्यामुळे तो "ठीक". बरं, सर्वांत लहान आकडा शोधायला सरळ 'मिन' लावलं तर ते कोरे खाने सोडून देतं. पण तुम्ही हौसेने सगळ्यांचे दर दुसऱ्या शीटवरून फॉर्म्युल्याने ओढून आणलेले असतात, आणि त्या ओढाओढीत कोऱ्याचं खरोखरीचं शून्य झालेलं असतं. मग ज्याने काहीच केलं नाही तो सर्वांत कमी दराचा मानकरी! (कार्यालयात बरीच वर्षं काढलेल्यांना यात नवल वाटणार नाही.)

बाबींचे क्रमांक हा वेगळाच छळ. दरपत्रकात बाब २.१ असते आणि बाब २.१०ही असते. माणसाला त्या दोन वाटतात, एक्सेलला एकच. कारण आकडा म्हणून २.१० लिहिलं की शेवटचं शून्य गळून जातं. मग क्रमांकावरून यादीतला दर शोधून आणणारं 'व्हीलुकअप' वरून खाली शोधत येतं, पहिलं २.१ सापडलं की थांबतं आणि चकचकीत फरशीला खड्डा खणण्याचा कमाल दर लावून मोकळं होतं. क्रमांक ३-४ असा लिहिला असेल तर त्याची थेट तारीखच होते. त्याच 'व्हीलुकअप'ला शेवटी 'फॉल्स', म्हणजे "नेमकं तेच हवं", सांगायचं राहिलं, की ते नेमकं नाही मिळालं तरी जवळपासचं काहीतरी आणून देतं, आणि तेही पूर्ण आत्मविश्वासाने.

मजकुराचा आकडा करायला 'व्हॅल्यू' आहे, फालतू मोकळ्या जागा काढायला 'ट्रिम' आहे. फक्त वेबपानावरून चिकटवलेल्या मजकुरात एक अशी मोकळी जागा येते जी 'ट्रिम'ला जुमानत नाही. दिसायला इतर जागांसारखीच, पण संगणकाच्या अक्षरयादीत हिचा क्रमांक १६०. तिला 'सब्स्टिट्यूट'ने नावानिशी पकडून बाहेर काढावं लागतं. नसलेली वस्तू काढण्यात दुपार घालवली, हे घरी कोणत्या तोंडाने सांगायचं?

दशांशाचं तर विचारूच नका. ४३.१ मधून ४३.२ वजा करा आणि १ मिळवा. उत्तर ०.९ यायला हवं. दशांश स्थळं वाढवून बघा, ०.८९९९९९९९९९९९९९९ निघतं. आतला हिशेब द्विमान पद्धतीत चालतो, तिथे असे अपूर्णांक तंतोतंत बसत नाहीत. शिवाय सूट वजा करून दर आला २५०.००४, पडद्यावर दिसतो २५०.००, कमाल दरही २५०.००, आणि पुढे लाल अक्षरात "जास्त". दोन्ही बाजूंना 'राउंड' लावून आकडे दोन दशांशांपर्यंत पूर्ण करेपर्यंत हा वाद मिटत नाही.

आमच्या एका सहकाऱ्याने यावर रामबाण उपाय काढला होता. सगळा फॉर्म्युला 'इफएरर'मध्ये गुंडाळायचा आणि चूक आली तर "ठीक" लिहायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची! बाब सापडली नाही, ठीक. दराच्या जागी भलताच मजकूर आल्याने गुणाकार फसला, ठीक. त्याचा तक्ता इतका देखणा दिसायचा की आमचे तक्ते बघून साहेब विचारायचे, "तुमच्याकडेच एवढे घोळ कसे?"

आणि हे सगळं निस्तरल्यावरही एक गोष्ट कुठल्याच फॉर्म्युल्याला दिसत नाही: त्याने दर फुटाचा दिलाय आणि आपला कमाल दर मीटरचा आहे. दोन्ही अस्सल आकडे, दोन्ही उजवीकडे टेकलेले, आणि निकाल "ठीक". ते मात्र डोळ्यात तेल घालून स्वतःच वाचावं लागतं.

शेवटी तक्ता तयार झाला. जास्त दर लाल, योग्य दर हिरवे, सगळं आपोआप रंगणारं. साहेबांनी तो कागदावर मागवला. छपाईयंत्र काळं-पांढरं. लाल आणि हिरवा, दोघेही सारखेच राखाडी होऊन बाहेर आले. साहेबांनी कागद उजेडात धरून नीट निरखला आणि म्हणाले, "छान झालाय. आता यातला कुठला करडा वाईट, तेवढं पेनाने खूण करून द्या."