विश्वास आहे म्हणून सगळ्यांना अ‍ॅडमिन? थांबा जरा

आठवडाभर एक फॉरवर्ड फिरतंय, तुमच्याकडेही आलं असेल. छोट्या धंदेवाल्यांना सल्ला म्हणून. म्हणणं असं की दहा-पंधरा जणांच्या ऑफिसात सॉफ्टवेअरमध्ये युजर, रोल (म्हणजे कोणाच्या आयडीला काय काय करता येईल ते), परमिशन हे लाड नकोत, ते मोठ्या कंपन्यांचं काम, सगळ्यांना फुल अ‍ॅक्सेस द्या, कोणी रजेवर गेलं तरी काम अडत नाही, काय बदललं ते लॉगमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअर आपोआप ठेवतं त्या नोंदीत, दिसतंच, आणि शेवटी ठळक अक्षरात 'माणसावर विश्वास नसेल तर कामावर ठेवलाच कशाला'. माझ्या तीन कस्टमरनी मला तेच पाठवलं म्हणून लिहितोय. मी टॅली आणि ईआरपी (खरेदी, स्टॉक, बिलं, हिशेब सगळं एकत्र बघणारं सॉफ्टवेअर) बसवायचं काम करतो, पुण्याजवळच्या भोसरी-चाकणकडच्या युनिटांमध्ये.

विश्वासाचं आधी बोलू, कारण तेच वाक्य लोकांना पटतंय.

एका वर्कशॉपमध्ये आठ जण सगळे हक्क असलेल्या एकाच अ‍ॅडमिन आयडीने काम करायचे, पासवर्ड मॉनिटरच्या खाली सेलोटेपने चिकटवलेला. मार्च एंडला स्टॉक काही केल्या जुळेना, बघितलं तर नोव्हेंबरच्या तारखेची चार बिलं डिलीट झालेली. मालकांनी मला बोलावलं, मी एडिट लॉग उघडला तर डिलीट कधी झालं ते आहे, पण कोणी केलं तिथे चारही ओळींना नाव एकच, अ‍ॅडमिन. संशय सरळ अकाउंटच्या ताईंवर गेला, अकरा वर्षं तिथे होत्या, कारण बिलांचं काम त्यांचं. माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून त्या म्हणाल्या, "सर, मी नाही केलं, पण नाही केलं हे दाखवू कशानी?" माझ्याकडे खरंच उत्तर नव्हतं. नऊ दिवसांनी डिस्पॅचच्या पोरानेच येऊन सांगितलं की डबल बिलं दिसली म्हणून त्याने साफ केली होती, चांगल्या मनानेच. पण त्या नऊ दिवसांत ऑफिसात ताईंशी कोण कसं वागलं ते त्या विसरल्या नाहीत, जूनमध्ये नोकरी सोडून गेल्या.

आता सांगा, रोल नसल्याने तिथे विश्वास टिकला की गेला? त्या पोराला बिल डिलीट करायचा हक्कच नसता तर ना त्याची चूक झाली असती ना ताईंवर आळ आला असता. रोल हा प्रामाणिक माणसाला वाचवायला असतो, हे मला मनापासून सांगायचंय.

लॉगचा मुद्दा पण यातच निकालात निघतो. 1 एप्रिल 2023 पासून कंपनी कायद्याखालच्या कंपन्यांना बंद करता येणार नाही असा ऑडिट ट्रेल (प्रत्येक बदलाचा लॉग) असलेलं सॉफ्टवेअरच वापरावं लागतं, बरोबर आहे. पण आयडी सगळ्यांचा एकच असेल तर त्या लॉगला काय अर्थ? आणि लॉग जे सांगतो ते सगळं घडून गेल्यावर. 'आमचं बँक खातं बदललंय, पुढचं पेमेंट इथे करा' असा सप्लायरच्या नावाने खोटा मेल येतो, आपला माणूस बिचारा खातं बदलतो आणि तोच पेमेंट सोडतो, मग लॉग बघून पैसे परत येतात का? सप्लायरचा खाते नंबर बदलणारा एक आणि पेमेंट सोडणारा दुसरा असला तर निदान एकजण तरी फोन उचलून विचारेल. हे काही नवीन नाही हो, आपल्या गावच्या पतसंस्थेत पण व्हाउचर करणारा वेगळा आणि पास करणारा वेगळा असतो, बँकेच्या भाषेत मेकर-चेकर. लंडनची बेरिंग्स बँक 1762 पासूनची, 1995 मध्ये बुडाली, कारण सिंगापूरला सौदे करणारा आणि त्या सौद्यांचा हिशेब बघणारा माणूस एकच होता, 82.7 कोटी पौंडांचा खड्डा पडला तोपर्यंत वर कोणाला पत्ता नाही. तिथे विश्वास कमी नव्हता, उलट तो त्यांचा लाडका माणूस होता.

रजेचा मुद्दा मात्र खरा आहे, मी मान्य करतो, काम अडतं. पण रोल माणसाला नाही, कामाला असतो. बिलिंगवाला चार दिवस गावी गेला तर दुसऱ्याच्या स्वतःच्या आयडीला तेवढे दिवस बिलिंगचा रोल लावा, आला की काढा, पाच मिनिटांचं काम आहे. आणि सोडून गेलेल्यांचं काय? पासवर्ड सगळ्यांचा एकच असला की तो बदलायचा म्हणजे आठ जणांना सांगत बसा, म्हणून कोणी बदलतच नाही, आणि गेलेल्या सेल्समनच्या मोबाईलवर तुमचे रेट आणि गिऱ्हाइकांची यादी तशीच चालू राहते.

मोठ्या कंपन्यांचं काम म्हणाल तर टॅलीत हे आतच आहे, वेगळे पैसे नाहीत. ऑल्ट के दाबा, युजर रोल्समध्ये जा, डेटा एन्ट्रीचा रोल तयारच मिळतो, मागच्या तारखेची एन्ट्री किती दिवसांपर्यंत चालेल ते पण तिथेच घालता येतं. फक्त चाळीस रोल बनवू नका, कोणाला कुठला दिलाय तेच कळत नाही आणि मग वैतागून परत सगळ्यांना फुल. बिलिंग, खरेदी, स्टोअर, पेमेंट, चार बास. माणसंच तीन असतील तर वाटणी पुरी होणार नाही, तेव्हा पेमेंटची यादी दर शनिवारी मालकांनी स्वतः बघायची.

आणि मोठ्या कंपन्यांत सगळं नीट असतं असंही नाही. सॅप, म्हणजे मोठ्या कंपन्यांचं ईआरपी, चालू करताना 'दोन दिवसांपुरतं' म्हणून दिलेलं सॅप ऑल, म्हणजे सगळ्या परमिशन एकदम, दोन वर्षांनी तसंच लावलेलं मी स्वतः काढलंय.

त्या वर्कशॉपमध्ये आता आठ जणांचे आठ आयडी आहेत. डिस्पॅचच्या पोराला फक्त माल पाठवायचं चलन दिसतं. मालकांनी स्वतःच्या रोजच्या कामासाठी पण साधा आयडी घेतलाय, अ‍ॅडमिनचा पासवर्ड पाकिटात घालून कपाटात ठेवलाय. ताईंना परत या म्हणून त्यांनी दोनदा फोन केला, त्या नाही आल्या.